काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे: हाताने निघतील की मशीनच लागेल?

मदत हवी आहे. गाडी २०१९ ची काळी हॅचबॅक, रंग मूळ कंपनीचाच. सोसायटीतला गाडी पुसणारा रोज सकाळी कोरडं फडकं मारायचा, त्याने बॉनेट आणि छतावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे पडलेत. सावलीत कळत नाहीत, पण मोबाईलचा टॉर्च धरला की उजेडाभोवती भोवरा उठतो. नखाला एकही लागत नाही, म्हणजे क्लिअर कोटच्या (रंगावरच्या पारदर्शक लेपाच्या) वरच्या थरातलेच असावेत. कोरडं फडकं आता पूर्ण बंद केलंय.

गाडी दोन बादल्यांच्या पद्धतीने (एकीत साबणाचं पाणी, दुसरीत खळबळायला साधं) धुतली, क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवला. मग बॉनेटवर टेपने दीड फुटाचा चौकोन आखून फोमच्या पॅडने मध्यम कटचं (म्हणजे मध्यम घासणारं) कंपाउंड, म्हणजे ओरखडे घासून काढायची पेस्ट, हातानेच चोळलं, तीन वेळा. चमक छान आली. पण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर बरेच ओरखडे परत दिसले. कंपाउंडमधल्या तेलाने नुसते झाकले गेले होते.

रोटरी (पॅड एकाच अक्षावर गोल फिरवणारं पॉलिशिंग मशीन) नकोच, कडांवरचा रंग जळायची भीती वाटते. रंगाची जाडी मोजायचं मीटर नाही, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त क्लिअर कोट काढायचा नाहीये. पार्किंगमध्ये सावली आणि प्लग दोन्ही आहे. बाहेर करायला द्यायची नाही, स्वतःच करायचंय.

ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा: जास्त कटचं कंपाउंड घेतलं तर हे हाताने निघतील, की ड्युअल अ‍ॅक्शन मशीनला (पॅड फिरवता फिरवता हलवणारं, रोटरीपेक्षा सौम्य) पर्याय नाही? आणि मशीन घेतलं, तर काळ्या रंगावर धुरकटपणा राहू नये म्हणून पहिला हात फोम पॅडने मारायचा की मायक्रोफायबरने?