कनाकांच्या बेटावर मत कुणाचं? न्यू कॅलेडोनिया आणि फ्रान्स

पाणकणीस
परवा एका ओळखीच्या गृहस्थांशी वाद झाला. ते म्हणाले, "न्यू कॅलेडोनियात तीनदा मतदान झालं, तीनही वेळा स्वातंत्र्य नको असाच कौल आला. मग आता कसली वसाहत आणि कसलं काय?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला प्रशांत महासागरात ही बेटं आहेत. फ्रान्सने ती २४ सप्टेंबर १८५३ रोजी ताब्यात घेतली. मूळ रहिवासी कनाक, त्यांच्या अठ्ठावीस भाषा. जमीन घेतली गेली आणि माणसं राखीव पट्ट्यांत कोंबली गेली. कनाकांसाठी वेगळा कायदा होता, तो १९४६ पर्यंत चालला. गोऱ्या वसाहतवाल्यांची गुरं कनाकांची शेतं तुडवायची, त्यावरून १८७८ मध्ये अताई नावाच्या प्रमुखाने उठाव केला. त्याने गव्हर्नरसमोर दोन पोती रिकामी केली असं सांगतात. एकातून काळी माती पडली, "हे आमच्याकडे होतं." दुसऱ्यातून दगड, "हे तुम्ही आम्हाला ठेवलंत." त्याला मारून त्याचं शिर पॅरिसला नेलं. ते परत मिळायला २०१४ उजाडलं.

आता मतदानाकडे येते. २०१८ मध्ये स्वातंत्र्याच्या बाजूने ४३.३ टक्के, २०२० मध्ये ४६.७ टक्के. आकडा चढत होता. तिसरं मतदान डिसेंबर २०२१ मध्ये. त्याच सप्टेंबरात तोवर कोविडपासून वाचलेल्या बेटांवर साथ शिरली, अडीचशेहून जास्त माणसं गेली, त्यांत कनाक आणि इतर बेटवासीच जास्त. कनाकांमध्ये मर्तिकाचे विधी महिनोन्महिने चालतात. त्यांच्या परंपरागत सभेने वर्षभराचा दुखवटा जाहीर केला आणि मतदान पुढे ढकला अशी विनंती झाली. पॅरिसने ऐकलं नाही. आधीच्या वेळी ८५ टक्के मतदान झालं होतं, यावेळी जेमतेम ४४ टक्के. निकाल काय, तर ९६.५ टक्के "नको". घरात सुतक असताना दारावर पेटी आणून ठेवायची आणि मग तुम्ही आलाच नाहीत म्हणायचं. याला मी कौल म्हणणार नाही.

ताळेबंद
पाणकणीसताई, इतिहासाबद्दल वाद नाही. अताईचं शिर, राखीव पट्टे, सगळं लाजिरवाणं आहे. पण बहिष्कार टाकला की निकाल रद्द, हा पायंडा मान्य केला तर हरायची शक्यता दिसणारा कुणीही पुढच्या वेळी तेच करेल. आणि बहिष्कार नसलेली आधीची दोन मतदानं? तीही हरलेलीच आहेत.

दुसरी गोष्ट पैशाची. दवाखाने, शाळा, पगार, पेन्शन यांचा मोठा भार फ्रान्स उचलतो. निकेल हाच तिथला एक मोठा धंदा, आणि इंडोनेशियाने स्वस्त निकेल बाजारात ओतल्यापासून तो कोलमडलाय. उत्तरेतला कोनियांबोचा कारखाना तर कनाकांच्याच हाती उद्योग यावा म्हणून उभा राहिला होता, ५१ टक्के मालकी उत्तर प्रांताच्या कंपनीकडे होती. ऑगस्ट २०२४ मध्ये तो बंद पडला, बाराशेच्या आसपास लोक घरी बसले. स्वतंत्र झाल्यावर पहिल्या महिन्याचा पगार कुठून द्यायचा, ते आधी सांगा.

डोलकाठी
मी मर्चंट नेव्हीत होतो. पैशाच्या प्रश्नावर मला काही पाहिलेलं सांगायचंय.

पूर्व किनाऱ्यावरच्या तियोला आम्ही निकेलचा कच्चा माल भरायला गेलो होतो. जहाज बाहेर नांगरावर, माल बार्जमधून येतो. समोरचा डोंगर वरपासून सोललेला, लालभडक. मी रत्नागिरीचा, जांभा पाहत मोठा झालो. क्षणभर वाटलं, आपल्याच सड्यावर आलोय. हा माल ओला असला तर समुद्रात चिखलासारखा वाहतो आणि जहाज कलंडतं. म्हणून डबा अर्धा भरून पंचवीसेक वेळा जोरात आपटायचा. वर पाणी चमकलं तर माल थांबवायचा. मी डबा आपटत होतो तेव्हा बार्जवरचा एक कनाक बघत उभा होता. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, हीच माती पावसात नदीत येते, माझ्या आज्याचं रान हिच्याखाली गेलं. रानात काय होतं विचारलं तर हातानेच आकार दाखवला. कोनफळ! आपल्या उंधियूत पडतं तेच. त्यांच्याकडे वर्षाचं चक्र कोनफळाच्या लागवडीवर फिरतं, लग्नात, मर्तिकात, पाहुण्यापुढे तेच ठेवतात.

ताळेबंद साहेब, फ्रान्स पैसे देतो हे खरं. पण शंभरावर वर्षं त्या डोंगरातून जे गेलं त्याचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडायचा? मी स्वतः जहाज भरून नेलंय.

राजवाडा_इंदूर
आमच्या घराण्याला इंदुरात येऊन सहा पिढ्या झाल्या, त्यामुळे हा विषय वाचताना मला बेचैन व्हायला होतं. तिथे प्रांतिक निवडणुकांची मतदारयादी गोठवलेली आहे. १९९८ नंतर आलेल्याला मत नाही. अलीकडे पाचातला एक मतदार त्यामुळे बाहेर होता. पंचवीस वर्षं तिथे राहून कर भरणारी नर्स किंवा मास्तरीण, तिला तिच्या प्रांताच्या सभेसाठी मत नाही. उद्या मला कुणी म्हणालं, तुम्ही मूळचे इथले नाही, बाजूला बसा, तर? हा "आधी कोण आलं" हिशेब एकदा सुरू झाला की कुठे थांबतो, ते आपल्या देशात आपण पाहिलंय. कनाकांवर अन्याय झाला हे मान्य. पण आज जिवंत असलेल्या माणसाचं मत काढून त्याची भरपाई करायची, हे मला पटत नाही.

पाणकणीस
राजवाडा, तुमची अडचण खोटी नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचे पूर्वज इंदूरला आले ते तिथल्या लोकांना मतांत हरवण्यासाठी कुणी पाठवले म्हणून नव्हे. न्यू कॅलेडोनियात नेमकं तेच झालं, आणि ते लेखी आहे. १९७२ च्या जुलैत फ्रान्सचे पंतप्रधान पियेर मेस्मेर यांनी आपल्या मंत्र्याला पत्र लिहिलं. आशय असा : तिथे फ्रेंच नागरिकांना मोठ्या संख्येने वसवा, दूरच्या काळात मूळ रहिवाशांची राष्ट्रवादी मागणी टळेल ती बाहेरून आलेल्यांचं बहुमत असलं तरच. तेव्हा निकेलची तेजी होती, लोक येत गेले. २०१९ च्या जनगणनेत कनाक ४१ टक्के निघाले. स्वतःच्या बेटावर ते सर्वांत मोठा गट आहेत, पण निम्मेही नाहीत.

यादी गोठवणं ही काही मनमानी नव्हे. १९९८ च्या नुमेआ करारात (नुमेआ ही तिथली राजधानी) स्वातंत्र्यवादी आणि फ्रान्सनिष्ठ अशा दोन्ही बाजूंनी सही करून मान्य केलेली ती अट आहे, २००७ मध्ये फ्रान्सच्या राज्यघटनेत आली. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००५ मध्ये तिथली मतासाठीची दहा वर्षांच्या वास्तव्याची अट बेकायदा नाही असं म्हटलं. २०२४ च्या मे महिन्यात पॅरिसच्या संसदेने कनाकांच्या संमतीशिवाय ही यादी उघडायला घेतली आणि बेट पेटलं. चौदा माणसं मेली. आंदोलनाचे नेते क्रिस्तियां तेइन यांना पकडून सतरा हजार किलोमीटरवर, फ्रान्सच्या म्युलुझमधल्या तुरुंगात नेऊन ठेवलं. अंदमानची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

ताळेबंद
चौदांत दोन जांदार्मही (फ्रान्सचे निमलष्करी पोलीस) होते, तेही लिहा. दुकानं, कारखाने, घरं जळली. त्यात कामाला जाणारे कनाकही बेकार झाले. मेस्मेरचं पत्र वाईटच. पण त्या पत्रामुळे आलेल्या माणसाच्या नातवाचा काय गुन्हा? आणि सगळे काही मेस्मेरने पाठवलेले नाहीत. पॅरिस कम्यूनच्या बंडातले बंदिवान, अल्जीरियाच्या १८७१ च्या उठावातले काबील जमातीचे कैदी, जावाहून खाणकामाला आणलेले मजूर. त्यांना कुणी विचारून आणलं होतं का?

मांडवीकाठ
डोलकाठी, तुमचं बार्जचं वाचून गलबललं. आमच्या मांडवीतही तीच लाल माती भरलेल्या बार्जेस आम्ही बघत आलो.

गोव्याच्या बाजूने दोन गोष्टी. १९५१ मध्ये पोर्तुगालने नाव बदललं : गोवा वसाहत नाही, सागरापलीकडचा प्रांत. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांचा सारा युक्तिवाद त्या एका शब्दावर. १९६० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी तो फेटाळला आणि गोवा अस्वशासित, म्हणजे स्वतःचं राज्य अजून न मिळालेला, प्रदेश ठरवला. न्यू कॅलेडोनियाही १९८६ पासून तशाच यादीत आहे, आजही. नाव काहीही ठेवा.

दुसरी गोष्ट ताळेबंद यांच्या बहिष्काराच्या मुद्द्यावर. १६ जानेवारी १९६७ ला आमच्याकडे जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. माझे आजोबा कट्टर विलीनीकरणवादी. १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१, चौतीस हजारांनी हरले. दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. पण निकाल त्यांनी मरेपर्यंत मानला, कारण ते लढून हरले होते, गावोगाव सभा घेऊन. हरलेल्याने मानला तर तो निकाल. २०२१ च्या त्या ९६ टक्क्यांत मानणारं कोण आहे?

राजवाडा_इंदूर
हा मुद्दा मला पटला. तिसरं मतदान मीही धरत नाही. पण यादीवरचं माझं मत तेच आहे. निदान तिथे जन्मलेल्यांना तरी मत हवं.

पाणकणीस
तिथे जन्मलेल्यांपुरतं मी तुमच्या बाजूची आहे. तेवढ्यापुरती तडजोड स्वातंत्र्यवाद्यांतलेही काहीजण बोलून दाखवतात. फक्त ती त्यांच्याशी बसून व्हावी, त्यांच्या डोक्यावरून नको.

ताळेबंद, काबील आणि जावावाल्यांबद्दल विचारलंत. १९८३ च्या जुलैत फ्रान्समधल्या नॅव्हील-ले-रोश गावी गोलमेज बैठक झाली. तिथे कनाक प्रतिनिधींनी, त्यांत स्वातंत्र्यवाद्यांचे नेते ज्याँ-मारी चिबाऊ होते, हे मान्य केलं की बाहेरून आणलेले हे लोकही इतिहासाचे बळी आहेत आणि बेटाचं भवितव्य ठरवण्यात त्यांचाही वाटा आहे. ज्यांची जमीन गेली ते हे म्हणत होते! पुढच्याच वर्षी ५ डिसेंबरला तिथल्या इएंगेन गावाजवळ दबा धरून बसलेल्या वसाहतवाल्यांनी दहा कनाक मारले, त्यांत चिबाऊंचे दोन भाऊ होते. मारणारे १९८७ मध्ये निर्दोष सुटले. तरीही १९८८ मध्ये समझोता करताना फ्रान्सनिष्ठांचे नेते ज्याक लाफ्लर यांचा हात हातात घेतला तो याच चिबाऊंनी. वर्षभराने उव्हेआ बेटावर त्यांना गोळी घातली ती त्यांच्याच बाजूच्या एका कनाकाने, त्या हस्तांदोलनावर चिडून.

पहिल्या पगाराचं उत्तर माझ्याकडे नाही. ते नुमेआत बसून शोधायला लागेल, आणि शोधणाऱ्यांत कनाक असायला हवेत.

ताळेबंद
१९८३ च्या बैठकीचं मला ठाऊक नव्हतं. वाचतो. पैशाच्या प्रश्नावरून मात्र मी हललेलो नाही, उद्या आकड्यांसह लिहीन.

डोलकाठी
लिहा. फक्त सुरुवात १८५३ पासून करा.