अनुभव धागा: गावावरून आडनाव, आडनावावरून गल्ली (नाशिकपुरतं)

गोदाकाठ
पूर आला की बातम्यांत ठरलेलं वाक्य, ‘होळकर पुलाखालून इतके क्युसेक’. काल ते कानावर पडलं आणि जुना शब्द आठवला: व्हिक्टोरिया पूल. जुनी मंडळी तोच म्हणायची. आता गंमत बघा. होळ हे नीरेकाठचं गाव, त्यावरून होळकर, आणि होळकरांवरून गोदावरीवरचा पूल. गावाचं आडनाव झालं, आडनावाचं पुन्हा ठिकाण. चांदवडकर लेन, येवलेकर मळा, तीच तऱ्हा. पत्ता लिहिताना, बोलताना, कागद काढताना काय लक्षात ठेवायचं ते टाका. आठवणींचे धागे खूप झाले, इथे कामाचं लिहा.

शेवगाठ
‘कर’ लावायची रीत आधी. गावाच्या शेवटी आ असेल तर त्याचा बहुधा ए होतो: येवला, येवलेकर (सातारकर हा अपवाद). ए असेल तर तसाच: पुणेकर. बाकी गावाला सहसा हात लावायचा नाही: चांदवडकर, निफाडकर, दिंडोरीकर. ‘येवलाकर’ नव्हे.
विभक्ती लागते ती शेवटच्या शब्दाला, आडनावाला नाही. येवलेकर मळ्यात, तिडके कॉलनीत, शिखरेवाडीत. ‘येवलेकरांच्या मळ्यात’ म्हटलंत तर तिथे वांगी दिसायला हवीत.

तिसरा मजला
गोळे कॉलनी राहिली! औषधांचा होलसेल बाजार तिथेच, त्यामुळे बाहेरगावचा माणूस हटकून समजतो की गोळ्यांवरून नाव पडलं.

शेवगाठ
हाहा. त्यात ‘गोळ्यांच्या कॉलनीत’ म्हणालात तर शंकाच मिटली. गोळे असोत की गोळ्या, सामान्यरूप एकच.

कुकरची शिट्टी
‘कर’ म्हणजे दरवेळी तिथून आलेला असं नाही हं. पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव मूळचे दाणी. विंचूरची जहागीर मिळाली आणि विंचूरकर झाले. म्हणजे गाव मूळचं असेल नाहीतर मिळालेलं असेल. आडनावावरून घराण्याचं मूळ सांगणाऱ्यांनी एवढं तपासावं. बाकी नंतर, भात लावलाय

सातबारा
मळा, वाडी, लेन ही लोकांच्या तोंडची नावं. सरकारी कागद त्यांवर चालत नाही. गावठाणात सिटी सर्व्हे नंबर आणि मालमत्ता पत्रक, बाहेरच्या भागात सर्व्हे किंवा गट नंबर आणि प्लॉट नंबर. ऑनलाइन सातबारा काढताना गावांच्या यादीत कॉलनी शोधत बसू नका, तिथे महसुली गावच असतं.
बँकेत फाइल अडकते ती याच घोळात. खरेदीखतात सर्व्हे नंबर, लाइट बिलात कॉलनी, घरपट्टीवर तिसरंच. म्हणून करारनाम्यात दोन्ही घालून घ्या: ‘सर्व्हे नं. अमुक, प्लॉट नं. तमुक, व्यवहारात येवलेकर मळा म्हणून ओळखली जाणारी मिळकत’.
चतुःसीमेत ‘पूर्वेस अमक्यांचं घर’ एवढंच लिहू नका. अमके घर विकून जातात, सीमा मात्र त्यांच्या आडनावावर लटकत राहते. शेजारच्या प्लॉटचा नंबर आणि रस्त्याची रुंदी लिहा.

चिवडा तिखट
आधारच्या पत्त्याचं सांगते. येवल्याचं जुनं इंग्रजी स्पेलिंग वाय-ई-ओ-एल-ए, त्यामुळे येवलेकरही बरेचदा वाय-ई-ओ नेच लिहितात. फॉर्ममध्ये इंग्रजी टाइप केलं की मराठी रकाना आपोआप भरतो आणि तिथे ‘येओलेकर’ उमटतं. सबमिट करायच्या आधी मराठी रकाना हाताने सुधारा, नाहीतर तेच कार्डावर छापून येतं. पिनकोडही बघा. पंचवटी ४२२००३, कॉलेज रोड ४२२००५, नाशिकरोड ४२२१०१. नुसतं नाशिक आणि ४२२००१ ठोकून दिलं की पार्सल जीपीओला जाऊन बसतं.

सीबीएसची बस
आडनाव आलं म्हणून ठिकाणाचं नाव बदलतंच असं नाही. मायको कंपनीची २००८ मध्ये बॉश झाली, आणि बॉश हे तर संस्थापकाचंच आडनाव. रिक्षावाल्याला बॉश सर्कल सांगून बघा. मायको सर्कलच.

तिसरा मजला
मालकाचं नाव कुठलं आणि सन्मानाचं कुठलं, हे कसं ओळखायचं?

सातबारा
लेन, गल्ली, मळा, वाडी असेल तर बहुधा राहणाऱ्याचं किंवा जमीनवाल्याचं. नगर, चौक, मार्ग असेल तर बहुधा सन्मानाचं, जसं सावरकरनगर. कॉलनीचा नेम नाही.

तिसरा मजला
आणि टिळकवाडी?

सातबारा
म्हणून तर दोनदा ‘बहुधा’ लिहिलं.

शेवगाठ
धंद्यावरून पडलेलीही घ्या. हुंडीवाला लेन, पगडबंद लेन. हुंडी म्हणजे पैसे देण्याची सावकारी चिठ्ठी. दर्शनी हुंडी दाखवली की लगेच पैसे, मुदतीच्या हुंडीला ठरलेल्या दिवसापर्यंत थांबायचं. हल्लीच्या पोरांना दर्शनी हुंडी म्हणजे यूपीआय सांगावं लागतं.

द्राक्षबाग
मेनरोडला संध्याकाळी चारचाकी नेता येते का? लग्नाची भांडी घ्यायचीत.

चिवडा तिखट
नेता येते, परत आणता येत नाही. गाडी लांब लावा, रिक्षाने या.

कुकरची शिट्टी
भात झाला. रामकुंडावरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांचं कुणीच लिहिलं नाही? त्यांत पूर्वजांच्या नोंदी मूळ गाव, जात आणि आडनाव यांवरून सापडतात. नुसतं ‘चांदवडकर’ सांगून भागत नाही, कारण घराणं चांदवडहून उठून आणखी दोन गावं फिरलेलं असतं आणि नोंद त्या दुसऱ्या गावाखाली असते. जाताना आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा यांची नावं, राहिलेली सगळी गावं आणि ‘कर’ लागायच्या आधीचं आडनाव ठाऊक असेल तर तेही कागदावर लिहून न्या. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात. त्यांच्याकडूनच वाचून घ्या आणि तिथेच देवनागरीत उतरवा. आपली नवी नोंद करताना आत्ताचं गाव आणि मूळ गाव दोन्ही घाला.

द्राक्षबाग
हे कामाचं. भांड्यांचं राहूच दे, पाऊस बघता उद्या दुकानं उघडी असतील का?

गोदाकाठ
ते पुलाच्या आकड्यावर. गंगापूर धरणातला विसर्ग आणि होळकर पुलाखालचा आकडा एक नसतो, मधल्या नाल्या-ओढ्यांचं पाणी वाटेत मिळतं. धरणातून कमी सोडलं तरी पुलाखाली जास्त असू शकतं. भांडी बाजार, सराफ बाजारवाले पुलाचाच आकडा धरतात. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून लोक पुराचं माप धरतात, तिच्या कमरेच्या वर पाणी गेलं की निघूच नका.