एअर रायफलसाठी स्कोप: स्थिर ४×३२ की बदलत्या पटीचा ३-९×४०?

गुहागरकर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे .१७७ बोअरची, स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल आहे. घरामागच्या पोफळीच्या आगरात वाळूच्या पोत्यांचा भक्कम आडोसा करून मी फक्त कागदी टार्गेटवर सराव करतो. अंतर १० ते २५ मीटर असते. चाळिशी उलटल्यापासून पुढची साइट (नळीवरची नेम धरायची खूण) आणि टार्गेट एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत, म्हणून स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बसवायचा विचार आहे. दुकानदार ३-९×४० (तीन ते नऊ पट मोठे दाखवणारा, पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे) घ्या म्हणतात, मला मात्र साधा ४×३२ (कायम चार पट, भिंग ३२ मिलिमीटरचे) पुरेल असे वाटते. आगरात भर दुपारीही सावली असते आणि खाऱ्या, दमट हवेचा प्रश्न आहेच. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रत्नागिरीकर:
आपल्या अंतराला चार पट पुरेशी आहे, परंतु पटीच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात असे मी आग्रहाने सांगेन.

पहिली म्हणजे पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलल्यावर नेमाची खूण टार्गेटवर सरकल्यासारखी दिसणे. बंदुकीसाठी बनवलेले बहुतेक स्कोप १०० यार्डांवर जुळवलेले असतात, त्यामुळे १० मीटरवर डोळा किंचित हलला तरी नेम सरकतो. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून ठेवा, तिला हात न लावता डोळा वर-खाली करा आणि क्रॉसवायर (स्कोपमधली नेमाची फुली) कागदावरच्या काळ्या वर्तुळातून कशी घरंगळते ते पाहा. ती जेवढी सरकते तेवढी चूक छर्‍याच्या जागेत येऊ शकते. म्हणून पुढच्या भिंगाची कडी फिरवून १० यार्डांपर्यंत जुळवता येणारा स्कोपच घ्यावा, मग तो स्थिर असो वा बदलता.

दुसरी गोष्ट म्हणजे स्प्रिंगचा धक्का. साध्या बंदुकीचा धक्का मागे बसतो. स्प्रिंगच्या रायफलीत मात्र पिस्टन पुढे सुटताना रायफल आधी मागे येते आणि पिस्टन टोकाला आदळताच पुढे झेपावते. या उलट्या धक्क्याने बंदुकीवर वर्षानुवर्षे टिकणाऱ्या स्कोपचीही भिंगे सैल होतात, क्रॉसवायर तुटते. पट बदलण्यासाठी आतली भिंगे सरकवावी लागतात. स्थिर स्कोपमध्ये हे सरकते भाग नसतात, म्हणून त्याच किमतीत तो अधिक दणकट मिळतो. ‘स्प्रिंग एअर रायफलसाठी योग्य’ असे स्पष्ट लिहिलेलाच घ्या आणि माउंट (स्कोप रायफलीवर धरणारी पकड) मागे सरकू नये म्हणून खिळीने अडकणारा माउंट वापरा.

देवगडकर:
रत्नागिरीकरांचे पॅरॅलॅक्सविषयीचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे, पण बदलत्या पटीला इतके मागे टाकणे मला पटत नाही. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट एवढ्या मिलिमीटरची प्रकाशाची चकती डोळ्यापाशी येते. ४×३२ मध्ये ती ८ मिलिमीटर असते; ३-९×४० मध्ये नऊ पटीला जेमतेम ४.४, तर तीन पटीला १३ च्या पुढे. अंधूक उजेडात आपली बाहुली साधारण ५ ते ७ मिलिमीटर उघडते, त्यामुळे आषाढातल्या मळभात नऊ पट मंद दिसेल, पण पट कमी करण्याची सोय हातात राहते. शिवाय २५ मीटरवर छर्‍याचे भोक कुठे पडले हे चार पटीत नीट दिसत नाही. नऊ पटीत दिसते आणि टार्गेटपर्यंतची खेप वाचते.

एक चाचणी मात्र अवश्य करा. तीन पटीला पाच छर्रे मारा, टरेटला (नेम जुळवायच्या फिरकीला) हात न लावता नऊ पटीला पाच मारा. दोन्ही पुंजके एकाच जागी पडले नाहीत तर तो स्कोप परत करा. तसेच स्वस्त स्कोपमध्ये क्रॉसवायर बहुधा पटीबरोबर मोठी होत नाही, त्यामुळे तिच्यावरच्या खुणांचे माप एकाच पटीला खरे ठरते.

दमट हवेबद्दल बोलायचे तर नायट्रोजन भरलेला, पाणीरोधक स्कोपच आपल्याकडे टिकतो. चामड्याच्या पेटीत तो मुळीच ठेवू नका, भिंगावर बुरशी धरते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा.

गुहागरकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. पॅरॅलॅक्स जुळवता येणारा ४×३२ शोधतो. तसा न मिळाल्यास ३-९ घेऊन चार पटीवरच ठेवीन. माझा भाचाही याच रायफलीवर शिकतो आहे आणि त्याला पुढे १० मीटर एअर रायफल स्पर्धेत उतरायचे आहे. त्यालाही स्कोपची सवय लावावी का?

अलिबागकर:
भाच्याला स्कोपपासून दूर ठेवा. ऑलिंपिक पद्धतीच्या रायफल स्पर्धांत दुर्बिणीची साइट चालतच नाही. मागे बारीक छिद्राची डायॉप्टर साइट आणि पुढे गोल कडी असते. १० मीटरच्या टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तोही याच साइटने टिपायचा असतो. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक स्कोपशिवायच मिळवले. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्काही स्पर्धेच्या दाबहवेच्या रायफलीहून फार वेगळा असतो, तेव्हा त्याला लवकरात लवकर प्रशिक्षक असलेल्या रेंजवर न्यावे आणि तोवर उघड्या साइटनेच उभे राहण्याची ढब, श्वास आणि ट्रिगर यांचा सराव करू द्यावा.