म्हापशाच्या बाजारातली परदेशी नंबरप्लेट कुठली?

मांडवीकाठ:
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भंगारात ही ॲल्युमिनियमची प्लेट मिळाली. लांबी ५२ सेमी, उंची ११. पांढऱ्यावर काळी, उठावाची अक्षरं: दोन आकडे, आडवी रेघ, दोन अक्षरं, आडवी रेघ, दोन आकडे. डाव्या टोकाची पट्टी उन्हाने विटलीय, काही वाचता येत नाही. उजवीकडे पिवळी पट्टी, तिच्यात वर ०७, खाली ०३. विकणारा म्हणतो, पाखल्यांच्या, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या काळातली. देश कोणता, आणि ०७-०३ म्हणजे काय? फोटोत शेवटचे आकडे मुद्दाम झाकलेत.

चाकंबाकं:
पोर्तुगालचीच, पण पाखल्यांच्या काळातली अजिबात नाही. तिथे १९३७ पासून १९९२ पर्यंत काळ्या प्लेटवर पांढरी अक्षरं असत आणि अक्षरजोडी सुरुवातीला येई. पांढरी प्लेट १९९२ मध्ये आली, तेव्हा अक्षरं शेवटी गेली. तो क्रम संपल्यावर २००५ पासून ती मधे आली, ती २०२० पर्यंत. तुमची याच टप्प्यातली. पिवळ्या पट्टीत वर साल, खाली महिना: मार्च २००७. २०२० च्या नव्या प्लेटवरून ही पट्टी आणि मधल्या रेघा दोन्ही गेल्या.

एक मेख आहे. ही तारीख गाडीच्या पहिल्या नोंदणीची असते, प्लेटची नव्हे. जर्मनीतून जुनी गाडी आणून पोर्तुगालमध्ये नोंदवली, तर क्रमांक नवा आणि पट्टीवर जुनं साल असं होतं. मधली जोडी २००५ मध्ये एए पासून पुढे सरकत गेली. त्यामुळे ०७ सोबत पहिलं अक्षर डी च्या आसपास असेल तर गाडी तिथलीच नवी. व्ही किंवा एक्स दिसलं तर बाहेरून आणलेली.

तांबडीमाती:
निष्कर्ष बरोबर, पण नुसत्या मांडणीवरून ठरवू नका. दोन-दोनच्या तीन जोड्या आणि मधे रेघा हे नेदरलँड्समध्येही आहे, अगदी याच क्रमाने. तिथली प्लेट मात्र पूर्ण पिवळी असते. उजवीकडच्या पिवळ्या पट्टीनेही लोक फसतात: जर्मनीच्या अल्पमुदतीच्या प्लेटला ती असते, पण तिच्यात तीन आकडे एकाखाली एक, दिवस-महिना-वर्ष. तीच पट्टी लाल असेल तर निर्यातीची. उजवीकडे निळी पट्टी असेल तर आधी इटली आणि फ्रान्स तपासा. इथे पांढरी पार्श्वभूमी, पिवळ्या पट्टीत दोनच आकडे आणि तीन जोड्या एकत्र आल्यात, म्हणून पोर्तुगाल.

शिक्कामोर्तब डाव्या पट्टीने होईल. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, बस्स. थिनर, ॲसिटोन, काथ्या यातलं काही लावू नका, परावर्तक पापुद्र्यावरची छपाई निघून जाते. मग अंधारात टॉर्च डोळ्याशेजारी धरून दोनेक मीटरवरून बघा. प्लेट लख्ख उजळली तर पापुद्रा खरा. शोभेच्या नकली प्लेटा सहसा मातकटच राहतात. आता टॉर्च बाजूने तिरपी धरा: विटलेल्या शाईतही वर युरोपीय संघाच्या ताऱ्यांचं वर्तुळ, खाली पोर्तुगालचं पी हे अक्षर अंधुक दिसायला हवं.

मांडवीकाठ:
वर्तुळाचे चार-पाच तारे आणि पी चा दांडा दिसला. मधली जोडी डी ने सुरू होते. देव बरें करूं! जीपला पुढे लावली तर चालेल?

चाकंबाकं:
नाही. रस्त्यावरच्या गाडीला तिचा स्वतःचाच नोंदणी क्रमांक, तोही उच्च सुरक्षा प्लेटवर. परदेशी प्लेट शोभेला लावली तरी पोलीस थांबवणारच. भिंतीवर लावा. नवी भोकं पाडू नका, जुनीच वापरा, आणि स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घाला. लोखंडी स्क्रू थेट ॲल्युमिनियमला टेकला की आपल्या खाऱ्या, दमट हवेत तिथे पांढरी भुकटी धरते आणि पापुद्रा भोकापासून उचलायला लागतो.