मदत हवी आहे: सेलिन दिऑनची फ्रेंच गाणी कुठून ऐकायला सुरुवात करू?

मंडळी, भाचीला फ्रेंचच्या वर्गात सेलिन दिऑनवर दहा मिनिटं बोलायचंय आणि एक गाणं म्हणायचंय. मामा गाण्यातला जाणकार, हा घरचा गोड गैरसमज, त्यामुळे काम माझ्या गळ्यात. 'टायटॅनिक' सिनेमातल्या तिच्या गाण्याच्या पलीकडे काहीतरी हवं, ही बाईसाहेबांची अट.

मला सगळ्यात भारी वाटतो तो १९८८ चा युरोव्हिजन, म्हणजे देशादेशांमधली युरोपातली गाण्याची स्पर्धा. डब्लिनमध्ये कॅनडाच्या क्वेबेकची ही वीस वर्षांची मुलगी चक्क स्वित्झर्लंडतर्फे गायली! गायक त्याच देशाचा हवा असा नियमच नाही म्हणे. स्वित्झर्लंड १३७, ब्रिटन १३६. एका गुणाने बाजी मारली. तेव्हा तिला इंग्रजी धड येत नव्हतं. ते शिकून पहिला इंग्रजी अल्बम आला १९९० मध्ये. त्याआधी मॅनेजर रेने अँजेलिलने तिच्या पहिल्या अल्बमसाठी घर गहाण टाकलं होतं, तो किस्सा भाची सांगणारच आहे.

आता अडलंय ते इथे:

१९९५ चा झाँ-झाक गोल्डमनने लिहिलेला 'दो' अल्बम मी ऐकलाय, आवडलाय. पण ऐंशीच्या दशकातलं, युरोव्हिजनच्या आधीचं काय ऐकावं? आणि भाचीचा आवाज खर्जाकडचा. वरच्या पट्टीत ओढाताण होते. तिला पेलेल असं एखादं फ्रेंच गाणं सुचवा. नुसत्या वाद्यांचा ट्रॅक खालच्या पट्टीत करून देणारं साधं मोबाईल ॲप असेल तर तेही सांगा, फुकटातलं असल्यास उत्तम.

कार्यक्रम पुढच्या रविवारी आहे, जरा लवकर कळवा.