मुळातून वाचायचे, तर कोणती भाषा?

रेघोट्या:
काल येथे एका सदस्याने लिहिले की, साहित्यासाठी परभाषा शिकायची तर स्पॅनिशच शिकावी, कारण रशियनच्या सहा विभक्त्या घोकण्याइतके आयुष्य कोणाकडे आहे? शालेय व्याकरणात आठ विभक्त्या पाठ केलेल्या माणसाने सहांना भ्यावे, याचे नवल वाटले. पुश्किनची १८२८ सालची आठ ओळींची कविता घ्या. बोलता बोलता प्रेयसीच्या तोंडून कोरड्या ‘तुम्ही’ऐवजी ‘तू’ निसटते, एवढीच घटना. शेवटी कवी उघडपणे तिला ‘तुम्ही’ म्हणतो आणि मनात ‘तू’. आजच्या इंग्रजीत दोहोंना एकच सर्वनाम असल्याने तेथे कविताच उरत नाही.

पायवाट:
तो सदस्य मीच. आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. इंग्रजीत जे मरते, ते मराठीत ठणठणीत जगते. मग चांगला मराठी अनुवाद का मागू नये?

रेघोट्या:
मागा की! मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची मराठी पुस्तके सोव्हिएत संघाबरोबरच संपली. माझ्याकडच्या एका अलीकडच्या अनुवादात आजी नातवाला ‘तुम्ही जेवलात का’ असे विचारते. तो इंग्रजीवरून केला आहे, हे सांगण्याचे सौजन्यही मुखपृष्ठाने दाखवलेले नाही.

बोरूबहाद्दर:
दोघांचेही चुकते. मराठी अनुवाद जेथे हमखास हरतो, ती भाषा शिकावी, म्हणजे फारसी. हाफिजच्या गझलेतील ‘ऊ’ या सर्वनामाला लिंग नाही; मराठीत मात्र ‘तो’ की ‘ती’ हे क्रियापदासकट ठरवावे लागते आणि ठरवताच अर्धी गंमत जाते. माधव जूलियनांनी १९२५ सालीच फारसी-मराठी कोश करून ठेवला आहे, तो कोणासाठी?

पायवाट:
साठीला टेकलेल्या माणसाने ऱ्हस्व स्वर न लिहिणारी लिपी नव्याने गिरवायची? मी तीन वर्षे जर्मन केली. वाक्याच्या शेवटी क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरत असे. स्पॅनिशमध्ये मात्र आठव्या महिन्यात, कोश मांडीवर घेऊन का होईना, एक अख्खी कथा संपवली.

रेघोट्या:
क्रियापद शेवटी येते, अशी तक्रार मराठी माणसाने करावी! असो, आठ महिन्यांत कथा वाचून झाली, हे मान्य करणे भाग आहे. माझी रशियन चौथ्या वर्षीही कोशावाचून पान उलटू देत नाही. परंतु त्यामुळे विभक्त्यांची टवाळी करण्याचा परवाना आपल्याला मिळत नाही.

बोरूबहाद्दर:
फारसीत घोकायला विभक्तिरूपेही नाहीत आणि लिंगभेदही नाही. तरी तिच्याकडे कोणी वळून पाहिले नाही.