हॅम रेडिओवर सीडब्ल्यूसाठी (मोर्ससाठी) २५० हर्ट्झचा फिल्टर घेऊ का? (नागपूर, ४० मीटर)

मनीषनगर_डिट

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी हॅम परवान्याची जनरल ग्रेड परीक्षा झाली, मिनिटाला आठ शब्दांची मोर्स कशीबशी निघाली. आता रात्री जेवण झालं की ४० मीटर बँडवर ७.०१० ते ७.०३० मेगाहर्ट्झमध्ये फिरत बसतो. रेडिओ सेकंडहँड, आत फक्त बोलण्यासाठीचा २.४ किलोहर्ट्झचा फिल्टर. गच्चीवर इन्व्हर्टेड व्ही अँटेना आहे, टाकीच्या पाइपाला बांधलेली.

परवा एक जपानी स्टेशन सीक्यू (‘कोणी आहे का’ अशी हाक) देऊन राहिलं होतं. ‘जेए’ (जपानी कॉलसाइनची सुरुवात) एवढं कळलं, पुढचं खरखरीत बुडालं. त्यानं तीनदा दिलं, माझं तीनदा गेलं. रेडिओत सीडब्ल्यू फिल्टरची जागा रिकामी आहे. ५०० आणि २५० दोन्ही मिळतात, पण पैसे एकाचेच आहेत, तेही कूलरचे नवे पॅड टाळून वाचवलेले. जितका अरुंद तितका चांगला, बरोबर ना?

महाल_४०मीटर

२५० घे, डोळे मिटून. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्डवाइड स्पर्धा असते, तेव्हा बँडवर बर्डीच्या बाजारासारखी गर्दी होते. शेजारी दणकट स्टेशन आलं की एजीसी (आवाज आपोआप कमीजास्त करणारं सर्किट) रेडिओचा आवाजच दाबून टाकते आणि तुझं बारकं स्टेशन गायब. तिथं आयएफचाच, म्हणजे रेडिओच्या आत बसणारा फिल्टर लागते. बाहेरून लावलेला ऑडिओ फिल्टर कामाचा नाही, कारण तोवर एजीसीनं आपलं काम करून टाकलेलं असते.

जुना_तारवाला

महालवाल्यांचं गर्दीपुरतं खरं आहे. पण या पोराची तक्रार गर्दीची नाही, खरखरीची आहे. आधी खरखर कोणती ते पाहा.

सारखी ‘शू’ असेल तर हिशोब सोपा. २४०० वरून ५०० वर आलास की खरखरीची ताकद जवळपास ७ डेसिबलनं (डीबी) उतरते. ५०० वरून २५० वर फक्त ३ डीबी. आणि तेही पूर्ण पदरात पडत नाहीत, कारण कान स्वतःच फिल्टर आहे. एका सुरावर लक्ष धरलं की तो आजूबाजूचं साधारण शंभर हर्ट्झच ऐकतो. मी तार खात्यात होतो. टेबलाशेजारी चार जण बोलत असायचे, पंखा खडखडायचा, तरी आपली लाइन बरोबर ऐकू यायची. ती सवय विकत मिळत नाही, बसून लावावी लागते.

आता वीज कडाडते ती खरखर घे. मृगाच्या आधी आपल्याकडे रोज संध्याकाळी असतेच. तो एक टोला असतो, क्षणाचा. अरुंद फिल्टरमध्ये गेला की तांब्यावर चमचा मारल्यासारखा घुमत राहतो, आणि घुमतो कोणत्या सुरात? तू ज्या सुरात मोर्स ऐकतोस त्याच! म्हणजे कानाला तो डिट (मोर्सचा टिंब) वाटतो. समोरच्यानं ‘एन’ (डा-डिट) दिला, मागं टोला पडला, तू ‘डी’ (डा-डिट-डिट) लिहिलास. वीस शब्दांच्या वेगात डिट ६० मिलिसेकंदांचा असतो, त्यात असा घुमा शिरला की अक्षरं एकमेकांना चिकटतात. अशा रात्री मी उलट फिल्टर रुंद करतो, एजीसी बंद करतो आणि आरएफ गेन (रेडिओची संवेदनशीलता) खाली आणतो. टोला आला की ‘टक्’ होतो आणि संपतो.

तिसरी खरखर घरातली. रेडिओ बॅटरीवर लाव, घराचा मेन पाड आणि ऐक. पैसे त्यानंतर खर्च कर.

मनीषनगर_डिट

काका, मेन पाडला तर घरचे मलाच पाडतील, मे महिना आहे! पण रविवारी सकाळी सहाला पाडला. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी मोकळी करून थेट रेडिओला जोडली. एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा) ७ वरून ३ वर!! मग एकेक एमसीबी चढवत गेलो. फ्रिज, काही नाही. वायफाय, थोडी कुरकुर. हॉलच्या कूलरला मी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावला होता, तो चालू केला आणि सगळं परत आलं. रेग्युलेटर काढला. कूलर आता फुल स्पीडवरच चालतो, आई शाल घेऊन बसते.

तरी थोडं चाळण लावावंसं वाटतं. स्वस्तात काही?

महाल_४०मीटर

हाव, मग ऑडिओवर बनव. टीएल०७२ या ऑप-अँप आयसीच्या दोन्ही बाजू एकामागं एक, मल्टिपल फीडबॅक बँडपास, म्हणजे ठरावीक सूरच पुढे सोडणारं सर्किट. प्रत्येक बाजूला दोन कॅपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरॅडचे, रेझिस्टर आत जायला ६८ के (किलो-ओहम), जमिनीला ३.९ के, फीडबॅकला १३६ के, म्हणजे ६८ के दोन सिरीजमध्ये. मध्य ७१० हर्ट्झवर येते, दोन्ही मिळून रुंदी १५० च्या आसपास. कॅपॅसिटर मायलरचेच घे, १०३ लिहिलेले. साधे डिस्क सिरॅमिक आपल्या ४५ डिग्रीत कुठल्या कुठं सरकतात. बायपासचा स्विच नक्की ठेव. आधी रुंद ठेवून स्टेशन शोधायचं, मग फिल्टर टाकायचा.

जुना_तारवाला

७१० जरा उंच झालं. मी ५०० च्या खाली ऐकतो. खालच्या सुरात तीस हर्ट्झचा फरकही कानाला चटकन कळतो. कॅपॅसिटर ०.०१५ केले की मध्य ४७० ला येईल, रेझिस्टर तेच. रेडिओचा पिच (मोर्स ज्या सुरात ऐकू येते तो) मात्र त्याच्याशी जुळव, नाहीतर स्टेशन फिल्टरच्या उतारावरून घसरेल.

मनीषनगर_डिट

०.०१ वालाच जोडला, बर्डीत १०३ च मिळाले. काल रात्री साडेअकराला एक जेए पूर्ण कॉपी झाला. तोच होता की दुसरा, देव जाणे. फिल्टर टाकून त्याची शेवटची दोन अक्षरं पक्की केली, बाकी कॉल फिल्टर न लावताच लिहिला होता. काका, ०.०१५ चे मायलर तुम्ही कुठून आणता?